चिखल गोठलेला असेपर्यंत

व्हर्ना अटाकायला खुर्ची कधी मानवली नाही. बावन्न वर्षांची बाई, पण गावसभेतसुद्धा मागे भिंतीला पाठ लावून उभी राहायची आणि गाडीच्या किल्ल्या या हातातून त्या हातात करायची. नवरा सोडून गेला तेव्हा दारातून म्हणाला होता, "तुझ्याबरोबर राहणं म्हणजे चालू गाडीत राहणं." त्याच्या मते ही तक्रार होती. त्यात तक्रारीसारखं काय होतं, हे व्हर्नाला आजतागायत कळलेलं नाही.

कामही तिला तसंच मिळालं. नवाहो या अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या मुलखात, ॲरिझोनाच्या उत्तरेला, पठारावर लांब लांब विखुरलेली घरं आहेत आणि त्या घरांमध्ये मूत्रपिंडं थकलेली म्हातारी माणसं आहेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार व्हर्ना त्यांना उचलायची, पन्नास-साठ मैलांवरच्या डायलिसिस केंद्रात सोडायची, चार तास यंत्रावर रक्त धुऊन झालं की परत घरी आणायची. त्याआधी अकरा वर्षं तिने शाळेची बस चालवली होती. ती म्हणायची, पोरं आणि म्हातारी सारखीच, फक्त म्हातारी मागच्या सीटवर च्युइंगम चिकटवत नाहीत.

गाडी तिला वडिलांनी शिकवली. हॅरिसन अटाकाय पिकअपच्या मागे टाकी बसवून मेंढ्यांच्या तळांवर पाणी वाहायचे. नऊ वर्षांच्या पोरीच्या बुडाखाली मेंढीचं कातडं दुमडून घालायचे, म्हणजे तिला काचेतून पलीकडचं दिसेल. "चारही चाकांना जोर मिळतो म्हणून खूश होऊ नकोस," ते सांगायचे. "एक चाक हवेत लोंबकळलं की सगळा जोर तेच खातं आणि बाकीची तीन तुझ्या तोंडाकडे बघत बसतात." वाळू लागली की टायरमधली हवा सोडायला लावायचे, म्हणजे टायर पसरून बसतो. उतारावर ब्रेकला हात लावू द्यायचे नाहीत, म्हणजे पाय. सगळ्यात खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडी धरून ठेवतं, तुझा पाय मांडीवर घेऊन बस, म्हणायचे. आणि जिथे जीव कचरेल तिथे खाली उतरून आधी चालून ये. हे शेवटचं व्हर्नाला कधी आवडलं नाही. चालून यायला वेळ लागतो.

गाडीत दम कशामुळे येतो यावर तिचं आणि लीलंडचं कायमचं भांडण होतं. लीलंड बिलागोडी तिचा आतेभाऊ. तो रस्ते सपाट करायचं यंत्र चालवायचा आणि पगारातलं उरलंसुरलं स्वतःच्या पिकअपवर उधळायचा. ती पिकअप त्याने इतकी उंच करून घेतली होती की आत चढायला स्टूल लागायचं. आतेभावाने टिंगल करायची आणि मामेबहिणीने ती व्याजासकट परत करायची, ही तिथली पद्धतच आहे, त्यामुळे पेट्रोल पंपावर दोघं भेटली की कॉफी घ्यायला आलेले लोक रेंगाळायचे.

"काय गं व्हर्ना, तुझ्या त्या तपकिरी डबड्याला चाकं आहेत का अजून?"

"आहेत की. आणि ती जमिनीला लागतात. तुझ्या गाडीत चढायला सासू शिडी मागते म्हणे."

"सासूचं तोंड बघायचं नाही ही आपल्या जुन्या लोकांची रीत. मी गाडी उंच केली ती काय उगाच? तिचे फक्त डोक्यावरचे केस दिसतात."

"आणि परवा खडीच्या खाणीमागे तुझी गाडी चिखलात पोटावर बसली होती, तेव्हा कोणी ओढलं रे तुला?"

यावर लीलंडला कॉफी गरम लागायची. व्हर्नाची तपकिरी पिकअप तिच्याएवढीच जुनी वाटायची, पण तिचे टायर अरुंद होते. चिखलात अरुंद टायर वरचा लगदा कापून खालच्या टणक जमिनीपर्यंत जातात, रुंद टायर वरच्या वर तरंगतात. हे झालं गाडीचं. पण व्हर्नाचं खरं हत्यार निराळं होतं आणि ते तिने कोणाला विकत घ्यायला सांगितलं नाही. ते म्हणजे तिच्या न्हाणीघराच्या खिडकीबाहेर खिळ्याला टांगलेला उष्णतामापक.

कारण पठारावर जाणाऱ्या रस्त्यावर घोडबस आहे. कोणे एके काळी एक घोडा त्या उतारावर बसला आणि उठलाच नाही, म्हणून हे नाव. तीन मैल राखाडी मातीचा उतार, एका बाजूला घळ. कोरडी असताना ती माती पिठासारखी उडते. भिजली की तिच्यावर माणूस उभं राहू शकत नाही, गाडी तर सोडाच. हिवाळ्यात बर्फ वितळू लागलं की जगातली कुठलीही गाडी घोडबस दिवसा चढत नाही. पण पहाटे पारा फॅरनहाइटच्या पंचविसाखाली, म्हणजे गोठणबिंदूच्या बराच खाली, असला की तोच चिखल दगड होतो. त्यावरून अंधारात वर जायचं, म्हाताऱ्याला घ्यायचं आणि ऊन उतारावर यायच्या आत खाली यायचं. साडेआठला ऊन येतं. नऊला वरचा इंचभर थर सुटतो. त्यानंतर तुमच्या गाडीची किंमत कितीही असो.

घोडबशीच्या वर फक्त एकच रुग्ण राहत होता, टोहोनी आजोबा. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, एकटे, अकरा मेंढ्या आणि एक कुत्रा. कुळाच्या हिशेबाने ते व्हर्नाचे आजोबा लागत, म्हणून ती त्यांना तशी हाक मारायची. तशा कुळाच्या हिशेबाने निम्मा मुलूख तिचा कोणी ना कोणी लागत होता.

डिसेंबरात रुग्ण ने-आण करणाऱ्या कंपनीने सगळ्या चालकांना एक पत्रक वाटलं. प्रत्येक फेरीनंतर फॉर्म भरायचा, त्यात एक प्रश्न: रस्ता चालण्याजोगा होता का? ज्या घराचा रस्ता 'नाही' निघेल तिथे गाडी जाणं बंद. मग त्या रुग्णाची सोय शहरातल्या वृद्धाश्रमात. टोहोनी आजोबांसाठी ते शहर दोन तासांवर होतं आणि तिथे नवाहो बोलणारं कोणी नव्हतं. व्हर्नाने सबंध हिवाळाभर त्या प्रश्नावर 'हो' अशी खूण केली. कधी ती खरी होती, कधी अर्धी. फेब्रुवारीतल्या त्या सोमवारी रात्रभर पारा खाली उतरलाच नाही, ती घोडबशीच्या पायथ्यावरून परत फिरली आणि फॉर्मवर लिहिलं, 'रुग्णाने आज नको म्हटलं.' म्हणजे धडधडीत खोटं. रुग्ण बिचारा टोपी घालून वाट बघत होता.

शुक्रवारचं डायलिसिस झालं होतं, सोमवारचं चुकलं होतं. बुधवारीही चुकलं तर काय, हे व्हर्नाने मनातसुद्धा शब्दांत मांडलं नाही. वाईट गोष्ट बोलून दाखवली की ती ऐकते, असं आईने तिला लहानपणीच बजावलं होतं.

त्यात तपकिरी पिकअपचा गिअरबॉक्स त्याच्या आधीच्या शनिवारीच गेला होता. कंपनीने नवी कोरी पांढरी गाडी दिली. काळ्या काचा, रुंद टायर आणि गिअरशेजारी एक गोल खटका, त्यावर चित्रं: बर्फ, वाळू, दगड, चिखल. जसा रस्ता तसं चित्र निवडायचं. व्हर्नाने तो खटका दोनदा फिरवून पाहिला आणि म्हणाली, "ही गाडी आहे की बालवाडी?"

बुधवारी पहाटे पारा एकोणीस होता. तिने निळ्या मक्याची पेज उभ्यानेच प्यायली आणि सव्वापाचला निघाली. घोडबस दगडासारखी कडक होती, चाकांखाली कडाकडा वाजत होती. खालच्या गिअरमध्ये नवी गाडी कुरकुर न करता चढली, हे व्हर्नाला जरा लागलंच. सात वाजून दहा मिनिटांनी ती आजोबांच्या होगानसमोर पोचली. आठ कोनांचं लाकडी घर, दार पूर्वेला. तिने गाडी पंचवीस पावलं अलीकडे उभी केली आणि इंजिन बंद केलं.

आणि थांबली. कारण कोणाचं दार जाऊन ठोठावायचं नसतं. गाडी दिसते, कुत्रा भुंकतो, घरातल्यांना कळतं कोणीतरी आलंय. त्यांना भेटायचं असेल तर ते बाहेर येतात. नसेल भेटायचं तर येत नाहीत, आणि आलेल्याने थोडा वेळ थांबून निघून जायचं. हॉर्न वाजवणं म्हणजे तर शिवी देणं, असं आई सांगायची. व्हर्ना आयुष्यात फक्त एकाच गोष्टीसाठी न कुरकुरता थांबली असेल, ती ही.

पाच मिनिटं झाली. कुत्रा भुंकून दमला आणि चाकावर पाय वर करून गेला. खिडकीचा पडदा हलला. म्हणजे आजोबा आत आहेत, जागे आहेत, त्यांनी पाहिलंय. आता तर दारावर जाणं आणखीच वाईट. बूट घालत असतील. पाय सुजले असतील, वेळ लागणारच. व्हर्नाने स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरला. सात वीस. सात पंचवीस. तिने आरसा नीट केला, मग पुन्हा होता तसा केला. हातमोजे काढले, घातले. पूर्वेला आभाळ पिवळं झालं. पडदा पुन्हा हलला.

सात चाळीसला ती बाहेर पडली. वारा चावत होता, म्हणून कंपनीच्या जाकिटाची टोपी ओढून घेतली आणि होगानकडे पाठ करून फेऱ्या मारू लागली, कारण लोकांच्या घराकडे टक लावून बघायचं नसतं. दूरच्या कड्याच्या माथ्यावर ऊन पडलं. ते खाली सरकू लागलं. सात पन्नास. तिला वाटलं, ओरडावं. तिला वाटलं, कुत्र्याला विचारावं. आठला पाच कमी असताना ती गाडीत बसली, पुन्हा उतरली. आठ वाजता तिने मनातल्या मनात आईची क्षमा मागितली, पंचवीस पावलं चालत गेली आणि दार वाजवलं.

"आजोबा, मी व्हर्ना."

आतून आवाज आला, "कुठली व्हर्ना?"

"हॅरिसनची. गाडीवाली."

"गाडीवालीची गाडी तपकिरी आहे."

"ती मोडली. ही नवी दिलीय."

दार उघडलं. आजोबा टोपी, जाकीट, काठी, सगळं घेऊन तयार. "साडेसहापासून तयार बसलोय मी," ते म्हणाले.

"मग बाहेर का नाही आलात!"

"पांढरी गाडी बघून. गेल्या पंधरवड्यात अशाच पांढऱ्या गाडीतून ते वृद्धाश्रमाचे कागदवाले आले होते. अर्धा तास बसले, मी नाही बाहेर आलो, गेले बिचारे. आज म्हटलं, पुन्हा आले, बसू देत. तर एक जण उतरून टोपी घालून फेऱ्याच मारायला लागला. म्हटलं, हा चिवट दिसतोय."

व्हर्नाला हसू फुटलं, पण ते घशातच राहिलं. आजोबांच्या बुटांच्या नाड्या मोकळ्या होत्या, कारण बांधल्या जात नव्हत्या. चेहरा फुगला होता. श्वास घेताना छातीतून बारीक शिट्टी येत होती. रात्री खुर्चीत बसूनच झोपलो, आडवं झालं की गुदमरतं, असं त्यांनी चहा सांडला म्हणावं तितक्या सहज सांगितलं.

घोडबशीच्या माथ्यावर ती दोघं नऊला पोचली. पूर्ण उतार उन्हात चमकत होता. व्हर्नाला खाली उतरून चालून बघायला हवं होतं. वडील असते तर त्यांनी उतरवलंच असतं. पण ती आधीच पन्नास मिनिटं थांबली होती आणि तिच्याच्याने आता क्षणभरही थांबवत नव्हतं. तिने खटका चिखलाच्या चित्रावर आणला आणि गाडी घातली.

वीस फूट बरी गेली. मग मागचा भाग सावकाश, अगदी शांतपणे, घळीकडे निघाला. चाकं पुढे तोंड करून होती आणि गाडी बाजूला चालली होती. रुंद टायरांवर मातीचा लपेटा बसून ते गुळगुळीत झाले होते. व्हर्नाने ब्रेक दाबला नाही, एवढीच अक्कल शाबूत होती. काठावरच्या एका गोठलेल्या ढेकळाला मागचं चाक अडलं आणि गाडी थांबली. आजोबांच्या बाजूच्या खिडकीतून जमीन दिसत नव्हती. घळ दिसत होती.

"छान दिसतं इथून," आजोबा म्हणाले.

उलट्या गिअरमध्ये, वीतभर वीतभर, तिने गाडी पुन्हा माथ्यावर घेतली. अर्धा तास गेला. चित्रातला चिखल कुठला होता कोण जाणे, घोडबशीचा नव्हता. संध्याकाळी पुन्हा गोठेपर्यंत थांबायचं म्हटलं तर आजोबांची छाती तोवर थांबेल असं वाटत नव्हतं. फोनला तिथे रेंज कधीच नसते.

आजोबांनी ओठ पुढे काढून उत्तरेकडे दाखवलं. "दगडवाट आहे."

पूर्वी घोडागाड्या तिथून उतरायच्या. सलग खडकाचा उतार, माती नावालाही नाही. तीस वर्षांत कोणी गेलं नव्हतं, कारण वाटेत खडकाच्या तीन पायऱ्या होत्या. "आम्ही गाडीच्या मागे ओंडका बांधायचो," आजोबा म्हणाले, "म्हणजे घोड्यांच्या अंगावर येत नसे."

या खेपेला व्हर्ना चालून आली. जाऊन येऊन दीड मैल, दगडांवर धापा टाकत. मग टायरमधली हवा अठरा पौंडांवर आणली, म्हणजे ते खडकाला पोट टेकवून धरतील. सगळ्यात खालचा गिअर, पाय मांडीवर. पहिली पायरी गाडी अशी उतरली की जणू तिला खाली काहीतरी विसरलेलं आठवलं होतं. दुसरीवर मागचं डावं चाक हवेत गेलं आणि गाडी डुगडुगत थांबली. व्हर्नाने मागची दोन्ही चाकं एकत्र बांधणारं बटण दाबलं, उजव्या चाकाला जोर मिळाला, पोटाखालची पोलादी पट्टी खडकावर किंचाळली आणि गाडी उतरली. एवढं बटण वडिलांकडे असतं तर, असं तिच्या मनात आलं. बालवाडीतलं हे एक पोर कामाचं होतं.

तिसरी पायरी गुडघ्याएवढी आणि तिरकी. व्हर्नाने चपटे दगड आणून खाली रचले, पण वरून गाडी काठाला आली की बॉनेटपुढे नुसतं आभाळ. चाक दगडांवर येतंय की शेजारच्या खड्ड्यात जातंय हे आतून दिसणं शक्य नव्हतं. खाली उभं राहून डावी-उजवी दाखवणारं माणूस हवं होतं.

"मी आहे की," आजोबा म्हणाले आणि दार उघडून उतरूही लागले.

"आजोबा, नको. तुम्हाला उभं राहवत नाहीये."

"मग काय कुत्रा दाखवेल?"

ते घोंगडी पांघरून, काठी टेकत, खडकाच्या कडेकडेने खाली गेले. मध्ये दोनदा बसले. शेवटी पायरीच्या पुढे जाऊन उभे राहिले. व्हर्नाने गाडी इंच इंच पुढे घेतली. आजोबा तिच्याकडे बघत होते आणि काहीच करत नव्हते. तिने काच खाली केली.

"कुठे? डावीकडे की उजवीकडे?"

"दाखवतोय ना मघापासून!"

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. आजोबा ओठांनी दाखवत होते. तिची सगळी माणसं आयुष्यभर ओठांनीच दाखवत आली आहेत, बोट दाखवणं हे उर्मट माणसाचं काम. पण वीस फुटांवरून, काळ्या काचेतून, सुजलेल्या चेहऱ्यावरचे ओठ कोणाला दिसणार!

"आजोबा, हाताने दाखवा! ओठ दिसत नाहीत!"

"हाताने? माणसाला?"

"मला नका दाखवू, चाकाला दाखवा!"

हे त्यांना पटलं. त्यांनी काठी उचलली, घोंगडी खांद्यावरून पडली, ती तशीच पडू दिली. काठी डावीकडे, थोडी आणखी डावीकडे, मग सरळ. व्हर्ना फक्त त्या काठीकडे बघत होती. पुढचं चाक काठावरून सुटलं, रचलेले दगड करकरले आणि धरून राहिले. मग मागची दोन्ही एकदम. गाडी खाली उभी राहिली आणि आजोबाही उभे होते, पण तेही खडकाला मिठी मारली होती म्हणून. ओठ निळे पडले होते. तिने त्यांना जवळजवळ उचलूनच सीटवर बसवलं. गंमत म्हणून काही बोलावं तर त्यांच्याने बोलवत नव्हतं. व्हर्नाला आपल्या सगळ्या हिवाळ्याची लाज वाटली.

डांबरी रस्त्याला लागल्यावर टायरमध्ये हवा भरणं भाग होतं. आठ मिनिटं. छोटा पंप खडखडत होता आणि व्हर्ना आजोबांच्या खिडकीशी उभी होती. तिने ठरवलं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं.

"आजोबा, मी फॉर्मवर खोटं लिहीत आले. रस्ता चांगला आहे म्हणून. सोमवारी लिहिलं की तुम्हीच नको म्हणालात. मला वाटलं, मी कशीही पोचेनच. आज मी तुम्हाला घळीत घातलं असतं. आज मी खरं लिहिणार आहे."

आजोबा समोर बघत होते. श्वासाची शिट्टी पंपापेक्षा मोठी ऐकू येत होती.

"खरं लिहिलं की ते गाडी बंद करतील," ती पुढे म्हणाली. "त्या वृद्धाश्रमात जायला नको म्हणून माझ्या घरी या. डांबरी रस्त्याला लागूनच आहे. मुलगा फीनिक्सला असतो, त्याची खोली रिकामी आहे. चिखल वाळेपर्यंत तरी. मेंढ्यांना जागा आहे मागे."

त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पंप बंद पडला. उरलेले चाळीस मैल व्हर्नाने काय काय बोलून भरून काढले ते तिलाच आठवत नाही. आजोबांनी डोळे मिटून घेतले होते.

केंद्रात नर्सने त्यांना काट्यावर उभं केलं. अंगात साडेसहा किलो पाणी जास्त. नर्सने व्हर्नाकडे असं पाहिलं की व्हर्नाने स्वतःहून मान खाली घातली. मग नाकाला नळी, दंडाला सुया, यंत्र फिरू लागलं. "आणखी अर्ध्या दिवसाने आणलं असतं तर" एवढं म्हणून नर्स थांबली, पुढचं बोलली नाही. तीही तिथलीच होती.

बाहेर गाडीच्या बॉनेटवर फॉर्म ठेवून व्हर्नाने 'रस्ता चालण्याजोगा होता का' यापुढे 'नाही' अशी खूण केली. खाली सोमवारबद्दलही खरं लिहिलं. फोटो काढून कचेरीत पाठवला आणि गाड्या लावायच्या जागेत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिली. आपण एका म्हाताऱ्या माणसाचं घर एका खुणेने काढून घेतलं, हे तिच्या डोक्यातून जाईना. ते आपल्याशी पुन्हा बोलतील की नाही, कोण जाणे. नाही बोलले तर तेही बरोबरच.

तासाभराने फोन वाजला. कचेरीतली शार्मेन. गाड्यांची वाटणी तीच करायची.

"मावशी, तुझा फॉर्म मिळाला. साहेब वाचतायत, नोकरी जाईल असं वाटत नाही, पण बोलणी खाशील. त्यांचं जाऊ दे. मला ते टोहोनींचं समजत नाहीये."

"काय?"

"आत्ता केंद्रातून नर्सचा फोन आला. म्हणाली, शुक्रवारपासून त्यांना उचलायचा पत्ता बदला. नर्सने विचारलंही नव्हतं म्हणे, त्यांनी डोळे उघडले आणि स्वतःच सांगितलं. मी लिहून घेतलंय बघ, डांबरी रस्त्यालगत, पाण्याच्या टाकीशेजारी, निळं छप्पर. अगं मावशी, हे तर तुझं घर आहे! चूक आहे का?"

व्हर्नाने पांढऱ्या गाडीच्या पायरीवर बूड टेकलं.

"नाही," ती म्हणाली. "बरोबर आहे."

"आणि पुढे लिहिलंय, कोणाचं घर, तर 'नातीचं'. तू त्यांची नात? इतक्या वर्षांत बोलली नाहीस कधी!"

कुळाच्या हिशेबाने, असं म्हणायचं व्हर्नाच्या जिभेवर आलं होतं. एरवी ती ते लगेच म्हणाली असती, कारण कुळाने ती शंभर जणांची नात लागत होती.

"हो, नात," ती म्हणाली. "आणि उद्या मला कुठल्या जादा फेरीला लावू नकोस. मला त्यांच्या मेंढ्या आणायच्या आहेत."